साय-फायमध्ये हल्ली बायका मुद्दाम घुसवतात असं वाटत नाही का?

तुमचा प्रश्न असा आहे की साय-फाय सिनेमे आणि मालिकांमध्ये हल्ली स्त्री पात्रं ओढूनताणून घुसवतात, पूर्वी असलं काही नव्हतं आणि तरी ते सिनेमे भारी होतेच.

घुसवतात, कधी कधी. 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'मध्ये (2019) ऐन लढाईत सगळ्या नायिका एका फ्रेममध्ये गोळा होतात, तो प्रसंग बघताना मीही खुर्चीत चुळबुळले होते. आधीच्या इतक्या सिनेमांत त्यांतल्या कित्येक जणींना एकमेकींशी धड चार वाक्यं बोलू दिली नव्हती, आणि इथे हळदीकुंकवाला जमल्यासारख्या एकदम हजर!

पण 'पूर्वी असलं काही नव्हतं' हे पटत नाही. होतं की. काढून टाकलं होतं.

'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ मालिकेचा पहिला पायलट, म्हणजे वाहिनीला दाखवायला बनवलेला नमुना भाग, एनबीसी वाहिनीने 1965 मध्ये नाकारला. त्यात यानावर कप्तानाच्या खालोखाल हुद्दा होता एका बाईचा. थंड डोक्याची, भावना चेहऱ्यावर न दाखवणारी. तिला नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'नंबर वन'. काम मॅजेल बॅरेटचं. दुसरा पायलट बनवला, त्यातून ही बाई गायब. निर्माते जीन रॉडनबेरी सांगायचे की वाहिनीला हुकूम सोडणारी बाई नको होती. त्यांच्याबरोबर काम केलेले काही जण सांगतात की आक्षेप पात्राला नव्हता, रॉडनबेरींनी आपल्या मैत्रिणीला घेतलं याला होता. कोणाचंही खरं धरा, तिचा तो थंडपणा यानावरच्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या, मिस्टर स्पॉकच्या वाट्याला गेला, तो त्यावर अजरामर झाला, आणि बॅरेट मालिकेत परतली ती नर्स होऊन. 1969 मधल्या शेवटच्या भागात तर एक बाई यानाच्या कप्तानाला, कर्कला सुनावते की तुमच्या कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही. म्हणजे तेविसाव्या शतकात प्रकाशापेक्षा वेगाने प्रवास जमला, पण हे नाही. मालिकेचं मुख्य पात्र म्हणून स्त्री कप्तान यायला 1995 उजाडलं, 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'मधली जेनवे.

पहिल्या 'स्टार ट्रेक'मध्ये उहुरा या अधिकाऱ्याचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला मार्टिन ल्यूथर किंग यांनी मालिका सोडू दिली नाही, हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. मला त्यापुढचा जास्त आवडतो. 1977 मध्ये नासाने अंतराळवीर भरतीच्या प्रचारासाठी तिचीच मदत घेतली. 1978 मध्ये निवडलेल्या 35 जणांत पहिल्यांदाच 6 स्त्रिया होत्या.

आता 'एलियन' (1979). यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या पोटापाण्याशी त्याचा संबंध आहे. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माल 'होल्ड'वर टाकायचा, म्हणजे बाहेर जाण्याआधी अडवायचा अधिकार माझा. कागदावर.

सिनेमात यानावर सात जण. तिघं बाहेर जातात आणि परत येतात तेव्हा एकाच्या तोंडावर कसला तरी जीव चिकटलेला असतो. आतून इंटरकॉमवर बोलते आहे रिप्ली, यानावरची एक अधिकारी. कप्तान बाहेर, त्यामुळे आत तीच वरिष्ठ. ती सांगते, नियमाप्रमाणे 24 तास क्वारंटाइन, दार उघडणार नाही. कप्तान बाहेरून ओरडतो, ती नाहीच म्हणते. आणि शास्त्रज्ञ अधिकारी अ‍ॅश तिला न विचारता बटण दाबून दार उघडतो. पुढचं सगळं त्या एका बटणामुळे घडतं.

हा प्रसंग मी पहिल्यांदा नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पाहिला. त्याच महिन्यात मी मालाच्या एका लॉटवर 'होल्ड'चा लाल टॅग लावला होता आणि नाइट शिफ्टला कोणीतरी तो काढून माल रवाना केला होता. "गाडी लागली होती मॅडम." तीन आठवड्यांनी लॉट परत आला, आणि मीटिंगमध्ये प्रश्न मलाच, तुम्ही नीट पाठपुरावा का केला नाही? मला एलियनची भीती नाही वाटली, अ‍ॅशची वाटली.

रिप्ली इतकी खरी का वाटते? डॅन ओबॅनन आणि रोनाल्ड शुसेट यांच्या मूळ पटकथेत स्पष्ट लिहिलं होतं की सगळी पात्रं पुरुष किंवा स्त्री कोणालाही देता येतील. म्हणून पात्रांना नुसती आडनावं. तिचं शौर्य 'बाई असूनही' म्हणून कोणी मिरवत नाही, ती फक्त नियम वाचलेली कर्मचारी आहे. तरी गंमत बघा, कोणालाही घ्या म्हटल्यावरसुद्धा सातात बायका दोनच. आणि शेवटी तिला अंतर्वस्त्रांवर उभं केलंच. एवढ्या चांगल्या सिनेमावरचा तो डाग मला अजून खटकतो.

अ‍ॅलिसन बेक्डेलच्या 1985 च्या व्यंगचित्रमालिकेत एक बाई म्हणते की मी सिनेमा तेव्हाच बघते जेव्हा त्यात किमान दोन बायका असतील, त्या एकमेकींशी बोलतील, आणि पुरुषाखेरीज कशावर तरी बोलतील. तिला बघता आलेला शेवटचा सिनेमा कुठला? 'एलियन'. त्यातल्या दोघी त्या राक्षसाबद्दल बोलतात! पुढे लोकांनी या विनोदाची परीक्षाच करून टाकली. पण 'ग्रॅव्हिटी'सारख्या सिनेमात जिथे बाई बहुतेक वेळ अवकाशात एकटीच आहे, तिथे ही फूटपट्टी काय मोजणार? मी डोकी मोजत नाही. तिला काढलं तर कथा पुढे सरकते का, एवढंच बघते.

जाता जाता, यंत्रबाईचा साचा घडवणाऱ्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाची (1927) पटकथा एका बाईनेच लिहिली होती, थिआ फॉन हार्बू. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग तिचा नवरा. त्याच्याशी घटस्फोट झाल्यावर तिने लग्न केलं ते बेळगावकडच्या आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी. ती नाझी पक्षातही गेली, त्यामुळे अभिमान वगैरे बाळगायची घाई नको.

आपल्याकडे 'कल्की 2898 एडी'मध्ये (2024) दीपिका पडुकोणचं काम मुख्यतः गर्भ सांभाळत पळण्याचं आहे, लढायला अश्वत्थामा आहे. तिथे बाई कथेच्या केंद्रात आहे आणि तरी तिच्या हातात फारसं काही नाही. त्यापेक्षा आरती कडव यांचा छोटा 'कार्गो' बघा, 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर आला होता. यानाचं नाव पुष्पक, त्यावर मेलेल्यांच्या आठवणी पुसून त्यांना पुनर्जन्माला पाठवायची नोकरी करणारा एकटा राक्षस, आणि त्याच्या हाताखाली नवीन रुजू झालेली युविष्का. तिच्याकडे जखमा बऱ्या करायची शक्ती आहे, ती नेमकी कामावर आल्यावर दगा देते आणि पोरगी घाबरते. अगदी पहिल्या नोकरीतली घाबरगुंडी. बघून झालं की इथेच लिहा, युविष्का घुसवलेली वाटली का ते.