प्रत्येक पानाआधीची तपासणी एकाच ठिकाणी कशी ठेवावी?

प्रश्न : द्राक्ष बागायतदारांच्या एका संस्थेसाठी आम्ही जावामध्ये पावत्यांची प्रणाली चालवतो. सुमारे 40 जेएसपी (सर्व्हरवर जावा कोडमधून तयार होणाऱ्या) पानांच्या आरंभी लॉगिन तपासणाऱ्या त्याच ओळी होत्या. त्या काढून आम्ही सर्व पानांसाठी एक फिल्टर, म्हणजे विनंती पानापर्यंत पोहोचण्याआधी चालणारा कोड, लिहिला. आता लॉगिनचे पान उघडतच नाही, ब्राउझर ‘वारंवार पुनर्निर्देशन’ अशी तक्रार करतो. शिवाय हंगामात कधी कधी एका बागायतदाराच्या पानावर दुसऱ्याचेच नाव दिसते. आम्ही जुन्या पद्धतीकडे परतावे काय?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : परतू नये. अशाच कामासाठी 2001 मधील सर्व्हलेट (जावामध्ये वेबवरच्या विनंत्या हाताळण्याचे मानक) 2.3 या आवृत्तीत फिल्टरची सोय आली.

पहिली अडचण सोपी आहे. आपला फिल्टर लॉगिनच्या पानालाही लागू असल्यामुळे, लॉगिन न केलेल्या माणसाला तो ज्या पानाकडे पाठवतो त्याच पानाच्या दारात पुन्हा अडवतो. ते पान, तसेच सीएसएस आणि चित्रांच्या फायली तपासणीतून वगळाव्यात. मात्र पुनर्निर्देशनाच्या ओळीनंतर ‘रिटर्न’ लिहिले आहे ना, हेही पाहावे. ते राहून गेले आणि पुढे ‘डूफिल्टर’ची (विनंती पानाकडे सोडणारी) हाक तशीच चालली, तर वापरकर्त्याला लॉगिनचे पान दिसते खरे, पण पडद्याआड मूळ विनंतीचे काम होऊन जाते, पावती रद्द करण्याची विनंती असेल, तर पावती रद्द होते. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला ती पहिल्या अडचणीपेक्षा गंभीर वाटते.

नावांची अदलाबदल हंगामातच का होते, यातच तिचे कारण आहे. सर्व्हर फिल्टरची सहसा एकच वस्तू तयार करतो आणि एकाच वेळी आलेल्या सगळ्या विनंत्यांचे थ्रेड (समांतर चालणारे कामाचे धागे) तीच वापरतात. आपण वापरकर्त्याचे नाव फिल्टरच्या क्लासमधील चलात ठेवले असावे. जून-जुलैत प्रणालीवर एकटा कारकून असतो, तेव्हा काही बिघडत नाही. काढणीच्या दिवसांत दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या की दुसरीचे नाव पहिलीवर चढते. नाव विनंतीच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये किंवा सेशनमध्ये (त्या वापरकर्त्याच्या भेटीपुरत्या साठवणीत) ठेवावे. थ्रेडलोकल (प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र साठवण) वापरत असाल, तर ‘फायनली’मध्ये (शेवटी हमखास चालणाऱ्या भागात) ते रिकामे करणे विसरू नये, कारण सर्व्हर तेच थ्रेड पुढच्या विनंतीसाठी वापरतो.

पुढे फिल्टर वाढले आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरला, तर त्यांची नोंद वेब.एक्सएमएल या कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये करावी. तेथे एकाच प्रकारच्या नोंदी लिहिलेल्या क्रमाने लागू होतात. केवळ अ‍ॅनोटेशनने, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या खुणेने, नोंदवलेल्या फिल्टरांचा क्रम मानकाने ठरवून दिलेला नाही.