हुडका की शोधा?

बेळगावच्या एका प्राध्यापिकेनं विचारलंय: विद्यार्थ्यांसाठी लाटेकच्या, म्हणजे लिहिलेल्या मजकुराची छपाईजोगी पीडीएफ करून देणाऱ्या प्रणालीच्या, एडिटरवर मराठीत टिपणं काढतेय, 'सर्च'ला 'शोध' आणि 'प्रिव्ह्यू'ला 'पूर्वावलोकन' लिहिलं तर चालेल ना?

मॅडम, तुम्ही 'लाटेक' लिहिलंत याबद्दल आधी तुमचे आभार. इतर सगळे 'लॅटेक्स' म्हणतात आणि रबराचा चीक आठवतो. LaTeX मधलं शेवटचं अक्षर इंग्रजी एक्स नसून ग्रीक 'खी' आहे. मूळ शब्द 'तेखने', म्हणजे कारागिरी. आपला सुतार 'तक्षन्' त्याच घराण्यातला.

आता 'शोध'. चूक नाही, पण बेळगावात बसून हा शब्द कशाला? 'शुध्' म्हणजे स्वच्छ करणे. छापखान्यातलं मुद्रितशोधन हे त्या अर्थाला जागतं. कंट्रोल-एफ दाबून उघडणारी चौकट काहीही शुद्ध करत नाही. तिचं काम हुडकणं. वस्तू आहे हे ठाऊक असतं, ढिगाऱ्यात कुठं गेली तेवढं बघायचं असतं. गणपत गल्लीत किल्ली हरवलेल्याला कुणी 'काय शोधतोयस?' विचारत नाही, 'काय हुडकूलास रे?' असंच विचारतात. आणि हाच शब्द शाळेत लिहिला की 'ग्राम्य' म्हणून लाल रेघ!

'हुडकणे' म्हणजे कानडी 'हुडुकु'. अर्थ तोच, शोधणे. पुण्याचे एक कोशप्रेमी स्नेही मला दरवेळी ऐकवतात की हा 'ढुंढणे'चाच अपभ्रंश. मग 'ढ'चा 'ह' कसा झाला ते दाखवा, आणि त्यातला 'क' कुठून आला तेही सांगा. कानडीत तो क आयता बसलाय. पण काय आहे, शब्दाला संस्कृत आजोबा नसले की काही लोकांना झोप लागत नाही. सुपारी मात्र ते अडकित्त्यानंच कातरतात, आणि 'अडके' म्हणजे कानडीत सुपारी!

माझा तर्क आणखी पुढं जातो. जुन्या कानडीतल्या शब्दारंभीच्या 'प'चा पुढं 'ह' झाला: दूध 'पालु'चं 'हालु', फूल 'पू'चं 'हू', वाघ 'पुलि'चा 'हुलि'. 'हुडुकु'ही मागं 'पुडुकु' असणार. तो तेव्हाच घेतला असता तर आज आपण 'पुडकत' बसलो असतो. आपण हुडकतो, म्हणजे हा शब्द बदल झाल्यावर, पोथीतून नव्हे तर बाजारातून उचललेला. खानापूर-निपाणीच्या आठवडी बाजारात दोन्ही भाषा एकाच पिशवीत भरल्या जातात, तिथं हे व्हायचंच.

तर टिपणात 'हुडका' लिहा. मूळ मजकूर आणि पीडीएफ यांची सांगड घालणारी सिंकटेकची सोय शिकवताना तर हा शब्द फारच कामाला येतो. ही सोय जेरोम लॉरेन्स यांची, टेक लाइव्ह या लाटेकच्या तयार संचात 2008 पासून आहे. मूळ मजकुरातल्या ओळीवरून पीडीएफमधल्या जागेवर उडी मारली की 'पुढं हुडकणे', आणि पीडीएफवर क्लिक करून मूळ ओळीवर आलं की 'उलटं हुडकणे'. त्यासाठी टेकस्टुडिओ या एडिटरात कंट्रोल धरून क्लिक करायचं, ओव्हरलीफ या ऑनलाइन एडिटरवर डबल क्लिक. देवनागरीवाल्यांना पुढं हुडकणं जास्त लागतं, कारण पीडीएफमध्ये पुष्कळदा ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते. डोळ्यांना 'किती' स्वच्छ दिसतं, पण टाइप करून हुडकलं की सापडत नाही. तेव्हा शब्द मूळ मजकुरात हुडकावा आणि तिथून पीडीएफवर उडी मारावी.

प्रिव्ह्यूचं राहिलंच. 'पूर्वावलोकन' नको, पूर्वी कधीतरी केलेलं अवलोकन वाटतं, आणि 'पुनरावलोकन'शी गोंधळ होतो तो वेगळाच. खिळे जुळवून काढलेल्या कच्च्या प्रतीला छापखान्यात 'प्रूफ' म्हणत. एडिटरच्या उजव्या खिडकीत दिसतं ते तेच. 'प्रूफ बघा' लिहा.