वाचकांचे प्रश्न : खाणकामगारांत राहिलेली दिग्दर्शिका

प्रश्न : बार्बरा कॉपल यांचा ‘हार्लन काउंटी यूएसए’ हा माहितीपट नुकताच पाहिला. त्यातला गोळीबाराचा प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही. न्यूयॉर्ककडच्या एका तरुण बाईला केंटकीच्या डोंगरातल्या खाणकामगारांनी आपल्यात कसे सामावून घेतले? आणि या चित्रपटाला ऑस्कर मिळाल्यानंतर त्यांचा मार्ग सुकर झाला का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात द्यायचे, तर कॉपल तेथे जाऊन राहिल्या. १९४६ साली जन्मलेल्या कॉपल यांनी मेझल्स बंधू या माहितीपटकारांच्या हाताखाली उमेदवारी केली होती. खाणकामगारांच्या राष्ट्रीय संघटनेतील भ्रष्ट नेतृत्वाविरुद्ध उभ्या राहिलेल्या सुधारणावाद्यांवर चित्रपट करावा, असा त्यांचा मूळ बेत होता. परंतु १९७३ साली ब्रुकसाइड खाणीतील कामगारांनी त्याच संघटनेत जाण्याचा कौल दिला, कंपनीने करारावर सही करण्यास नकार दिला आणि तेरा महिने चाललेला संप सुरू झाला, तेव्हा कॉपल यांनी आपला मुक्काम हार्लन परगण्यात हलवला.

कॉपल कामगारांच्या घरांत राहत आणि पहाटेच्या अंधारात त्यांच्याबरोबर संपकऱ्यांच्या निदर्शनाच्या नाक्यावर उभ्या राहत. न्यायालयाने खाणीच्या दारावरील निदर्शकांची संख्या अगदी मोजकी ठरवून दिल्यावर कामगारांच्या बायका रस्ता अडवायला उतरल्या. माझ्या मते या चित्रपटाचा खरा जीव या बायकांतच आहे. ध्वनिमुद्रणाचे काम कॉपल स्वतः करीत, त्यामुळे नाग्रा हे ध्वनिमुद्रण यंत्र त्यांच्या खांद्यावर असे. कंपनीच्या भाडोत्री बंदूकवाल्यांच्या म्होरक्याने त्यांच्याकडे पत्रकार असल्याचे ओळखपत्र मागितले, तेव्हा त्यांनी उलट त्याचेच ओळखपत्र मागितले. ते कुठेतरी हरवले, असे तो म्हणताच आपलेही हरवले असावे, असे उत्तर त्यांनी दिले. हा संवाद चित्रपटात जसाच्या तसा आहे आणि तो ऐकताना हसूही येते व पोटात गोळाही उठतो, कारण त्याच्या गाडीत बंदूक आहे हे आपल्याला ठाऊक असते.

आपण उल्लेख केलेल्या गोळीबाराच्या प्रसंगात चित्रीकरण करणाऱ्यांनाही मारहाण झाली. कॅमेरा समोर असला की हिंसा थोडी तरी आवरते, हे ध्यानात आल्यामुळे पैसे आणि फिल्म संपल्यावरही त्या रिकामा कॅमेरा घेऊन नाक्यावर जात, असे कॉपल यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. तरीही १९७४ च्या ऑगस्टमध्ये लॉरेन्स जोन्स हा तरुण कामगार गोळी लागून मरण पावला आणि त्यानंतरच कंपनीने करार केला. निवेदकाचा आवाज या चित्रपटात नाही. जे काही सांगायचे ते तेथली माणसे आणि त्यांची गाणीच सांगतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र निराशाजनक आहे. १९७७ साली ऑस्कर मिळाले, पण पुढच्या मोठ्या माहितीपटासाठी कॉपल यांना पुन्हा पैशांची वणवण करावी लागली. मिनेसोटातील ऑस्टिन गावी हॉर्मेल या मांस-प्रक्रिया कंपनीने तासाची मजुरी १०.६९ डॉलरवरून ८.२५ डॉलरवर आणली. त्यातून १९८५ साली भडकलेल्या संपावरचा ‘अमेरिकन ड्रीम’ १९९० साली पूर्ण झाला. त्यालाही ऑस्कर मिळाले. पुढे डिक्सी चिक्स या गायिकांवरचा ‘शट अप अँड सिंग’ त्यांनी सेसिलिया पेक यांच्यासह केला, तोही पाहण्यासारखा आहे.

पण आपण आधी ‘अमेरिकन ड्रीम’ पाहावा. हार्लनमध्ये कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे प्रेक्षकाला लगेच कळते. येथे स्थानिक संघटना एकीकडे, तिची मातृसंघटना दुसरीकडे, आणि दोन सख्खे भाऊ संपाच्या दोन बाजूंना, अशी स्थिती आहे. त्या भावांपैकी कोणाचे चुकले, हे कॉपल सांगत नाहीत.