धमनी चिरली, तरी स्टेंट का नाही?

प्रश्न : माझ्या ४४ वर्षांच्या बहिणीला हृदयविकाराचा झटका आला. तिला मधुमेह नाही, कोलेस्टेरॉलही वाढलेले नाही. अँजिओग्राफीत हृदयाची एक धमनी आपोआप चिरल्याचे, म्हणजे ‘स्कॅड’चे निदान झाले, पण स्टेंट न बसवता पाच दिवसांनी तिला गोळ्या देऊन घरी पाठवले. हा हलगर्जीपणा नव्हे का? पुढे कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : नाही. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर या आजारात स्टेंट टाळणेच बहुतेक वेळा इष्ट असते. नेहमीच्या झटक्यात चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी धरते. स्कॅडमध्ये मात्र धमनीच्या भिंतीच्या आतच रक्त साकळते आणि त्याच्या दाबाने रक्ताची वाट अरुंद होते. अशा नाजूक भिंतीत स्टेंटसाठी तार किंवा फुगा घातल्यास चीर आणखी लांबण्याची भीती असते. उलट न छेडलेली धमनी बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत वा महिन्यांत आपली आपण भरून येते. छातीतले दुखणे थांबतच नसेल, रक्तदाब ढासळत असेल किंवा डाव्या मुख्य धमनीला इजा असेल, तर स्टेंट वा बायपासचा विचार करावाच लागतो. चीर वाढण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असल्याने तेवढे दिवस रुग्णालयात ठेवतात.

औषधांत बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके व रक्तदाब कमी करणारे औषध) महत्त्वाचे, कारण ते घेणाऱ्यांत हा त्रास पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळले आहे. अ‍ॅस्पिरिन किती काळ घ्यावी, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. कोलेस्टेरॉल वाढलेले नसेल, तर ते कमी करणारे स्टॅटिन सरसकट देत नाहीत; तेव्हा इतर हृदयरुग्णांच्या चिठ्ठीशी बहिणीची चिठ्ठी ताडून पाहू नये.

या रुग्णांत सुमारे ९० टक्के स्त्रिया असतात आणि अनेकींच्या मान, मेंदू वा मूत्रपिंडाच्या धमन्यांतही दोष सापडतो, म्हणून त्या धमन्यांचे स्कॅन एकदा करून घ्यावे. संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर त्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. पुढील गर्भधारणेचा निर्णयही त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावा. अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नाही. देखरेखीखालचा व्यायाम, चालणे हितकारकच आहे. श्वास रोखून जड ओझी उचलणे तेवढे टाळावे. काही रुग्णांत हा आजार उलटतो, त्यामुळे छातीत पुन्हा दुखल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे आणि आधीच्या निदानाचा कागद सोबत न्यावा. स्कॅडमध्ये गुठळी विरघळवणारे इंजेक्शन शक्यतो टाळायचे असते, हे पहिल्याच डॉक्टरला कळायला हवे.