पांढऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांखालचे तांबूस डाग कसे घालवावेत?

आधी एक सांगतो, रंगलेले केस पुसून पांढरे होत नाहीत. ते वाढून कापले जातात तेव्हाच डाग जातो. अश्रूंमधल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे तो तांबूस रंग येतो. म्हणून खरं काम म्हणजे चेहरा कोरडा ठेवणं. रोज कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा, लगेच टिपून घ्या, डोळ्यात टोचणारे केस छाटा. हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्यांजवळ अजिबात नको, कोणी कितीही सांगो! डाग घालवणाऱ्या काही पावडरींत टायलोसिन हे अँटिबायोटिक असतं, त्यामुळे त्या स्वतःच्या मनाने देऊ नका.

पाणी अचानक किंवा एकाच डोळ्यातून वाहत असेल, पिवळं-हिरवं चिपड येत असेल, कुत्रा डोळा मिचकावत असेल, तर पशुवैद्यच गाठा. अश्रुनलिका तुंबलेली असू शकते.