मृगाच्या तोंडावर ३ लाख ४० हजारांचं गाणं

अंबाजोगाईहून एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांचं पत्र आलं आहे. वय ५२. वडिलांना रेकॉर्डचा नाद होता, त्यांचा एचएमव्हीचा जुना फिएस्टा प्लेअर आणि चाळीसेक तबकड्या घरात अजून आहेत. मार्चमध्ये हैदराबादला लग्नाला गेले असता त्यांनी एका गृहस्थांच्या घरी १९७० च्या दशकातला अमेरिकी बाजारासाठी बनलेला संच ऐकला. मॅरांझ २२७० रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत), थॉरेन्स टीडी १६० टर्नटेबल (तबकडी फिरवणारं यंत्र), एआर-३ए स्पीकरची जोडी आणि दोनशे एलपी. गृहस्थ मुलाकडे परदेशी चालले आहेत आणि सगळ्याचे मिळून ३,४०,००० मागतात. रिसीव्हरचे १,४०,०००, टर्नटेबलचे ७०,०००, स्पीकरचे ८०,०००, तबकड्यांचे ५०,००० अशी त्यांचीच फोड आहे.

पत्रातला प्रश्न असा: "ही वस्तू सोन्यासारखी आहे, वापरली तरी किंमत वाढते, असं ते म्हणतात. पैसे आत्ता दुकानाच्या खात्यात आहेत. नाहीतर पतसंस्थेतली ६ लाखांची ठेव मोडतो, किंवा सोनं ठेवून कर्ज काढतो. गुंतवणूक म्हणून कसं वाटतं? घरात विचारलं तर बायको म्हणाली, दुकानात युरिया यायलाय अन् तुमी गाणं आणायलेत!"

नमस्कार दादा,

वहिनींचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात तुमच्या धंद्याचा अख्खा ताळेबंद आला आहे.

आत्ता घेऊ नका. दिवाळीनंतर घ्या, आणि तेव्हाही सगळा संच नको. का, ते सांगतो.

मे महिन्यात खत-बियाण्याच्या दुकानदाराच्या खात्यात दिसणारा पैसा त्याचा नसतो. तो मृगाचा असतो. तुम्हीच लिहिलंय की आगाऊ पैसे भरले की कंपनीकडून ३ टक्के कॅश डिस्काउंट मिळतो, आणि ऑगस्टपर्यंत बाहेरची उधारी १२ लाखांवर जाते. ती सुटायला लागते सोयाबीन आडतीवर गेल्यावर. आज ३,४०,००० काढले तर तेवढीच रक्कम कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या धंद्यासाठीच्या कर्जखात्यातून, उचलावी लागेल. ११ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज १८,७०० रुपये, आणि वेळेवर भरणा झाला नाही तर हुकलेला डिस्काउंट १०,२०० रुपये. म्हणजे दोन्ही बसले तर केवळ नोव्हेंबरऐवजी मे महिन्यात गाणं ऐकायचे जवळपास २९,०००. त्यात पाऊस लांबला, दुबार पेरणीची वेळ आली, तर उधारी कधी सुटेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

सोनं ठेवून कर्ज तर नकोच. ते सोनं तुमच्या धंद्याची शेवटची ढाल आहे. वाईट हंगामात ते मोकळं असायला हवं, रिसीव्हरपायी अडकलेलं नको.

आता "सोन्यासारखं" या शब्दाकडे येतो, कारण पत्राचा जीव तिथेच आहे. विक्रेते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. जुन्या चांगल्या यंत्रांना आज मागणी आहे आणि भाव वाढलेही आहेत. पण सोनं तुम्ही अंबाजोगाईच्या सराफ बाजारात कुठल्याही दिवशी, दहा मिनिटांत, त्या दिवसाच्या भावानं मोडू शकता. मॅरांझ कुठे मोडणार? गिऱ्हाईक पुण्याचं किंवा हैदराबादचं असणार. तो येणार, ऐकणार, एक बाजू कमी वाजते म्हणणार, आणि भाव पाडणार. नाहीतर मधला माणूस आपला वाटा घेणार.

हिशोब मांडून बघू. खरेदी ३,४०,०००. ने-आण, ट्रान्सफॉर्मर, रिसीव्हरचे कपॅसिटर, नवी सुई, स्पीकरचा फोम यांचे ६०,००० धरा. झाले ४ लाख. दहा वर्षांनी संच ५ लाखांना गेला असं मानू. मधल्या माणसाचे २० टक्के गेले की हातात ४ लाख. दर वर्षी १०,००० देखभाल धरली तर दहा वर्षांत त्यातला १ लाख आधीच खर्च झालेला. उरले ३ लाख. तेच ४ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर दहा वर्षांनी, कर सोडून, सुमारे ७,८७,००० होतात. फरक ४,८७,०००, म्हणजे महिन्याला ४,००० रुपयांच्या आसपास. आणि मागितलेली किंमत दहा वर्षांत दुप्पट झाली तरी मधल्या माणसाचा वाटा आणि देखभाल वजा जाता हातात ४,४४,००० येतात. बँक तरीही पुढेच.

म्हणून याला गुंतवणूक म्हणू नका. हौस म्हणा. महिन्याला ४,००० रुपये हौशीला देणं हा गुन्हा नाही. मी पानटपरीवर आणि ढाब्यावर याहून जास्त उडवणारे लोक रोज बघतो, आणि त्यांच्या हाती भीमसेनजींचा एक तोडीही लागत नाही. फक्त हौशीचे पैसे हौशीच्या खात्यातून यावेत, दुकानाच्या नाही.

तुमचं हौशीचं खातं किती मोठं? निव्वळ नफा वर्षाला ९ लाख. घरखर्च ४,८०,०००. लेकीचं लातूरचं क्लास-हॉस्टेल १,८०,०००. पीपीएफ आणि एसआयपी मिळून ९०,०००. उरतात दीड लाख. हंगाम बरा गेला तर उरतात, हेही लक्षात असू द्या. माझ्या मते तुमची मर्यादा दीड लाख आहे, आणि त्यात ट्रान्सपोर्टपासून स्टॅबिलायझरपर्यंत सगळं बसलं पाहिजे.

दीड लाखात काय घ्यायचं, इथे थोडं रेंगाळतो, कारण या भानगडीत मी स्वतः हात पोळून घेतले आहेत. काही वर्षांपूर्वी संभाजीनगरात एका दुकानातून मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतला. दुकानात अर्धा तास झकास वाजला. घरी दुसऱ्या आठवड्यात एक चॅनल गेला. दुरुस्तीला दिला तो पावणेदोन वर्षं "पार्ट येतोय" यावर तिथेच पडून राहिला. तेव्हापासून जुन्या वस्तूची किंमत मी दुरुस्तीवाल्याच्या अंतरावरून मोजतो.

अमेरिकी बाजारातल्या यंत्राला १२० व्होल्ट लागतात, आपल्याकडे २३० येतात. रिसीव्हरसाठी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की ते सुटतं. खरी गोम टर्नटेबलमध्ये आहे. टीडी १६० ची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. मोटरवर ६० हर्ट्झची पुली (पट्टा ओढणारी छोटी चाकी) तशीच राहिली असेल तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी तबकडी पावणेअठ्ठावीसच्या आसपास फिरेल. काळी एकमध्ये गाणारा गवई खालच्या काळी पाचवर घसरेल. तुम्ही हैदराबादला ऐकलंत तेव्हा सूर बरोबर वाटला असेल तर ५० ची पुली कुणीतरी बसवलेली आहे. पण लग्नाच्या गडबडीत ऐकलेल्या सुरावर ७०,००० देऊ नका. परत जाल तेव्हा वडिलांची एक पाठ असलेली तबकडी बरोबर न्या आणि मोबाईलवर तंबोरा लावून सूर ताडून बघा.

ती परीक्षा पास झाली तर माझं मत टर्नटेबलच्या बाजूनं आहे. ते मुख्यतः यांत्रिक आहे. पट्टा बदलता येतो, सुई बदलता येते, बेअरिंगला तेल घालता येतं, आणि हे सगळं तुम्ही घरी शिकू शकता. सुई साधारण ५०० ते १,००० तास टिकते. रोज तासभर ऐकलंत तर दीड ते तीन वर्षांनी नवी.

रिसीव्हर वेगळी जात आहे. पन्नास वर्षांत त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकत जातात, व्हॉल्यूमच्या बटणात खरखर येते, आणि एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर उडाला तर सोबत स्पीकरही घेऊन जाऊ शकतो. त्यात आपल्याकडची वीज. रब्बीत शिवारातल्या मोटरी चालू झाल्या की घरातला दिवा कसा मंदावतो आणि लाईट गेली-आली की कसा झटका बसतो, हे मी तुम्हाला काय सांगू. कपॅसिटर बदलल्याचं बिल विक्रेते दाखवू शकले तर गोष्ट निराळी. "अजून एकदाही उघडलेला नाही" हे ते कौतुकानं सांगत असतील तर ती मला चिंतेची बाब वाटते. त्या डायलच्या निळ्या उजेडाचा मोह मला कळतो, खोटं कशाला बोलू. पण १,४०,००० दिल्यावर तुमच्या मर्यादेत दहाच हजार उरतात, आणि त्या दहा हजारांत तबकडी वाजणार कशावर?

स्पीकरच्या मोठ्या कोनच्या कडेला फोमची कड असते. ती पंधरा-वीस वर्षांत कुजते, बोट लावलं तर भुकटी होते. नवी बसवता येते, पण बसवणारा हात चांगला हवा. ते धूडही वजनदार. सोडून द्या. आणि दोनशे तबकड्यांतल्या तुम्हाला खरोखर हव्या तेवढ्या निवडून घेऊ देतात का ते विचारा. सगळा ढीग घेऊन त्यातल्या दीडशे माळ्यावर टाकायच्या, तर पत्र्याखालच्या उन्हाळ्यात त्या पापडासारख्या वाकतील.

तर टर्नटेबल ७०,००० च्या आत, आणि फोनो इनपुट असलेला नवा अ‍ॅम्प्लिफायर व शेल्फवर मावणारे नवे स्पीकर उरलेल्या ८०,००० च्या आत. फोनो इनपुट आहे ना हे विचारूनच घ्या. तबकडीचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, साध्या सॉकेटला जोडला तर आवाज मुंगीएवढा येईल. नव्या वस्तूला वॉरंटी असते, जुनीला तुमचे कान. चांगला स्टॅबिलायझरही याच पैशांत बसवा.

विक्रेते म्हणतील, दुसरं गिऱ्हाईक आहे. असेल तर घेऊन जाऊ दे. टीडी १६० काही एकुलतं एक नाही. ते खरंच थांबायला तयार असतील तर ५,००० रुपये विसार द्या, लिहून घ्या, आणि बाकीचे पैसे तासभर गरम होईपर्यंत वाजवून ऐकल्यानंतर.

आता तुम्ही जो प्रश्न विचारलाच नाहीत तो. पतसंस्थेतली ६ लाखांची ठेव ९.५ टक्क्यांवर आहे म्हणता, आणि घराचा अडीअडचणीचा सगळा पैसा तोच आहे. दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात जोखमीची वस्तू मॅरांझ नाही, ही ठेव आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव-विमा महामंडळाचं, विमा संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नसतं. मराठवाड्यात ठेवी अडकलेली माणसं शोधायला तुम्हाला गल्लीच्या बाहेर जावं लागणार नाही. ऑक्टोबरमध्ये मुदत संपते तेव्हा नूतनीकरण करू नका. ३-३ लाख दोन वेगवेगळ्या बँकांत ठेवा. व्याज दोन-अडीच टक्के कमी मिळेल, म्हणजे वर्षाला १२ ते १५ हजार. ते गेले तरी चालतील. त्या ठेवीतून मात्र गाण्यासाठी एक रुपया नको.

संच दुकानात ठेवून दुकानाच्या खर्चात दाखवता येईल का, असंही तळटीपेत विचारलंय. नको. खताच्या दुकानात थॉरेन्स कशाला, याचं उत्तर तुमच्या सीएला द्यावं लागेल, आणि काळ्या मातीची धूळ तर तबकडीची वैरीण. घरी ठेवा. घरच्या वापराची अशी वस्तू पुढे कधी विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, आणि तोटा झाला तर तो कशात वजाही करता येत नाही.

वहिनींना नोव्हेंबरची तारीख सांगून टाका. आणि तोवर वडिलांच्या फिएस्टावर त्यांच्या चांगल्या तबकड्या लावू नका. त्याची सुई किती झिजली आहे कुणाला ठाऊक, आणि त्या प्लेअरचा दाब चांगल्या टर्नटेबलपेक्षा बराच जास्त असतो, तो खाचा खरवडतो. तबकड्या उभ्या ठेवा, आतल्या खोलीत, पश्चिमेची भिंत सोडून.

तुमचा,
अर्थ-सल्लागार