वाचक विचारतात : विश्वास डळमळीत, पण वारी चालायची आहे

देवावर माझा फारसा विश्वास नाही. तरी आळंदी ते पंढरपूर चालावंसं वाटतं. हे ढोंग ठरेल का? माळ घालावी लागेल का?

चालायला माळ लागत नाही. मात्र तुळशीची माळ घेतली की मांस-मद्य सुटलं, एकादशी आली, वारीचा नेम आला. पंधरा-वीस दिवसांपुरती हौसेनं घालून परतल्यावर खुंटीला टांगायची असेल, तर घालू नका. ढोंग म्हणायचं तर त्याला म्हणता येईल. विश्वासाचा दाखला दिंडीत कुणी मागत नाही, शिस्त मात्र मागतात. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, आधी भरा, नाव नोंदवा, सामान ट्रकवर टाका आणि नेमून दिलेल्या ओळीत चाला. भजन चालू असताना फोन खिशातच राहू द्या. कुणी ‘माऊली’ म्हणत तुमच्या पायाला हात लावला तर संकोचून मागे सरू नका, तुम्हीही वाका. समोरचा वयानं लहान असला तरी वाकायचं.

अर्थ शोधायला निघालेले बरेच जण आज या दिंडीत, उद्या त्या दिंडीत असे हिंडतात. त्यातून फोटो भरपूर मिळतात. त्यापेक्षा एकच नेम धरा. रोजचा हरिपाठ चुकवायचा नाही, एवढा पुरे. पाठ नसेल तर धृपद धरा. चौथ्या-पाचव्या दिवशी चरण आपसूक तोंडात येतात. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला जरूर उभे राहा. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारानं दंड उंचावला की एवढा मोठा समाज गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढ्या दिंडीचे टाळ वाजत राहतात, मग चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतो. हरवल्या-सापडल्या वस्तूही तिथंच पुकारतात. नास्तिकालाही हे पाहून विचार करायला भरपूर मिळेल.

मागच्या खेपेला सासवडपर्यंतच मन कोरडं पडलं. पाय सोडून दुसरं काही सुचेना. श्रद्धा कमी पडली का?

श्रद्धेला कशाला बोल लावता? पुणे–सासवड हा तीस किलोमीटरच्या वरचा, सगळ्यात लांब टप्पा. त्यात दिवे घाट, आणि हा दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा, म्हणजे पोटात उपवास. घामावाटे मीठ जातं आणि वरून नुसतंच पाणी प्यायलं की डोकं दुखतं, चिडचिड होते. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घेत राहा. भगर, शेंगदाणे वेळेवर खा. मधुमेह असेल तर निर्जळी किंवा कडक उपवास नको, डॉक्टरांना आधी विचारा.

फोड येतात ते ओल आणि घर्षणानं. पाऊस लागला की लोक बूट भिजू नयेत म्हणून धडपडतात, पण भिजलेले मोजे तसेच ठेवतात. दर विसाव्याला मोजे काढा, पाय पुसा, कोरडा जोड चढवा. बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांना व्हॅसलीन लावा. जागा लाल होऊन चुरचुरू लागली की तेव्हाच चिकटपट्टी लावा. फोडाची कातडी सोलू नका. नवे बूट घालून निघणं तर साफ चूक. निदान महिनाभर वापरलेले हवेत. आणि टाळाच्या ठेक्यावर चाला. पुढे पळून मग रथाची वाट बघत उभं राहिलं की पाय आखडतात, भजनही निसटतं. सासवडला सहसा दोन रात्री मुक्काम असतो. ती मधली सवड गाव हिंडण्यात घालवू नका.

एकादशीला विठ्ठलाचं दर्शनच झालं नाही तर?

अनेक वारकऱ्यांचं होत नाही. रांग तासन्‌तास चालते. चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन घेऊन ते समाधानानं परततात. पायांवर डोकं ठेवायचंच असा हट्ट नसेल तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते. रांगेत नंबर लागावा म्हणून दिंडी सोडून आधीच पंढरपूर गाठू नका. वाखरीजवळचं बाजीरावाच्या विहिरीचं रिंगण त्यात हुकतं. परतीचं तिकीट मात्र द्वादशीचं काढू नका. जमलं तर पौर्णिमेपर्यंत थांबा, गोपाळपूरचा काला त्याच दिवशी असतो.